बाहेरचं खाणं, सोबतचं जेवण: महिन्याच्या ७७६ रुपयांत काय मोजलं जातं?

शहरात राहणाऱ्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये, खेड्यातल्या माणसाचा ४,१२२. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीतले हे आकडे. त्यात ‘पेये, फराळ आणि प्रक्रिया केलेलं अन्न’ असा एक रकाना आहे. हॉटेलातल्या थाळीचे आणि टपरीवरच्या वड्याचे पैसे याच रकान्यात पडतात. शहरात त्याचा वाटा ११.०९ टक्के, खेड्यात ९.८४ टक्के. म्हणजे शहरात माणशी महिन्याला सुमारे ७७६ रुपये आणि खेड्यात ४०६ रुपये. तांदूळ, गहू, ज्वारी, नाचणी अशा सगळ्या तृणधान्यांवर मिळून शहरी माणूस २६३ रुपये खर्च करतो, खेड्यातला २०५. घरात भरायच्या धान्यापेक्षा तयार खाण्यापिण्यावर शहरात जवळजवळ तिप्पट आणि खेड्यातही दुप्पट पैसा जातो.

पंचवीस वर्षांपूर्वी हे चित्र नेमकं उलटं होतं. १९९९-२००० मध्ये खेड्यातल्या खर्चात धान्याचा वाटा २२.२३ टक्के होता आणि या रकान्याचा ४.१९. शहरातही धान्य १२.३९, तर फराळ-पेये ६.३५ टक्के होती. रेशनवर फुकट मिळणाऱ्या धान्यामुळे आजचा धान्यखर्च कमी दिसतो, हे ध्यानात ठेवायला हवं. पण फुकट धान्याची किंमत धरली तरी खेड्यातला महिन्याचा खर्च ४,२४७ रुपयांवर जातो, म्हणजे फरक सव्वाशे रुपयांचा. त्यानं मूळ कल बदलत नाही.

मात्र या रकान्यात बरंच काही कोंबलेलं आहे. घरच्या डब्यातली चहापावडर, मुलांची बिस्किटं, वेफर्स, फरसाण, शीतपेयं आणि हॉटेलचं जेवण, सगळं एकत्र. म्हणून ७७६ ही बाहेर जेवण्याची रक्कम नव्हे, ती त्याची कमाल मर्यादा आहे. दिवसाला साधारण २६ रुपये. २०२० च्या २६ जानेवारीला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात यांची किंमत सरकारनं शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. ग्राहकाकडून १० घ्यायचे, उरलेले सरकारनं भरायचे. त्या वेळच्या ५० रुपयांच्या हिशेबानं ७७६ रुपयांत महिन्याला १५ साध्या थाळ्या येतात, आणि मग चहा-बिस्किटाला काही उरत नाही.

दुसऱ्या बाजूनं मोजून पाहू. उपाहारगृह व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातला हा व्यवसाय ५.६९ लाख कोटी रुपयांचा होता. १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी महिन्याला ३४० च्या आसपास येतात. अर्थात ही वाटणी कागदावरची. पुण्या-मुंबईत आठवड्याला मित्रांबरोबर टेबल अडवणारी माणसं आणि वर्षाकाठी एकदा तालुक्याच्या गावी मिसळ खाणारी माणसं, दोघंही याच सरासरीत बसली आहेत.

आता हे आकडे घेऊन शिवथरच्या खोऱ्यात जाऊ. महाडहून साधारण ३० किलोमीटर आत, वरंध घाटाच्या पायथ्याच्या बाजूला कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं आहेत आणि समर्थ रामदासांनी जिथं दासबोध लिहिला असं मानतात ती घळ. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. पावसाळ्यात धबधबा बघायला पुण्या-मुंबईहून मित्रमंडळींच्या गाड्या येतात. २०११ च्या जनगणनेत महाड तालुक्याची लोकसंख्या १,८०,१९१ होती आणि शेजारच्या पोलादपूरची ४५,४६४. रायगड जिल्ह्याच्या २६,३४,२०० लोकांपैकी हे दोन्ही तालुके मिळून नऊ टक्केसुद्धा होत नाहीत. एकट्या पनवेल तालुक्यात ७,५०,२३६ लोक होते.

खेड्यात तो रकाना कमी भरतो, म्हणून इथल्या घरात माणसं एकत्र जेवतच नाहीत का? भरपूर जेवतात. शिमग्याला पालखी दारात येते, गणपतीला चाकरमानी येतात, लग्नाच्या पंक्ती उठतात, देवळात भंडारा होतो. पण खर्च पाहणीचा नियम असा की शिजवलेलं जेवण जिथं शिजलं त्या घराच्या खात्यावर मोजायचं, जेवणारा कुणीही असो. पन्नास पाहुणे जेवले तरी तांदूळ, डाळ आणि तेल यजमानाच्या रकान्यात जातं आणि जेवून गेलेल्यांच्या नावावर काही पडत नाही. देवस्थानच्या प्रसादाची पंगत तर कुठल्याच घराच्या खर्चात येत नाही. विकत घेतलेली थाळी मात्र घेणाऱ्याच्या नावावर लागते. त्यामुळे ७७६ आणि ४०६ यांतल्या फरकावरून शहरी माणूस जास्त मिळूनमिसळून जेवतो, असा अर्थ काढणं चूक आहे. तो जास्त विकत घेऊन जेवतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

पण विकत घेऊन जेवणं ही क्षुल्लक गोष्ट आहे, असं मला मुळीच वाटत नाही. याच मुलखाचा इतिहास तसं वाटू देत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेचे प्रतिनिधी मांडवात जेवणाच्या तयारीत होते, कुणी जेवत होते. लाठ्या घेतलेला जमाव तिथंच चालून आला. माणसांची डोकी फुटली आणि शिजलेलं अन्न मातीत गेलं. पाणी कुणी प्यायचं आणि कुणी कुणाबरोबर जेवायचं, हे दोन प्रश्न तेव्हा वेगळे नव्हते. पुढे १ मे १९३३ ला रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकारानं सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह उघडलं; एका टेबलाभोवती बसून चहा पिणं हा तेव्हा सामाजिक कार्यक्रम होता. १९५० ला राज्यघटना अमलात आली आणि तिच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांत प्रवेश करताना जात, धर्म, लिंग यांवरून कुणाला अडवता येणार नाही, असं लिहिलं गेलं. घटनेत उपाहारगृह आलं आहे, तेही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात.

घराच्या उंबऱ्याच्या आत हे कलम पोचत नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याचं सांगितलं, आणि त्यातला एक प्रश्न थेट स्वयंपाकघरात येण्याचा आणि भांडी वापरण्याचा होता. कबूल करणारे २७ टक्के, ही गोष्ट साधी नाही. कॉलेजातले चार मित्र एकमेकांच्या घरी मोकळेपणानं जेवू शकत नसतील तेव्हा स्टँडसमोरचं हॉटेल त्यांना जे देतं, ते कुठल्याही खर्च पाहणीत दिसणार नाही.

विकतच्या जेवणाची दुसरी वाट महाड-पोलादपूरहून मुंबईला गेली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर १,००० पुरुषांमागे बायका सुमारे ५२५ होत्या. म्हणजे कामगारांच्या शहरात बरेच पुरुष बायको-आई गावाला ठेवून आलेले. कोकण आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. खाणावळ चालवणारी बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. जेवणारे पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे, तोवर ती वाण्याकडून उधारीवर माल उचलायची आणि व्याजात तिची मिळकत विरघळायची. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते इथं. सुरुवातीला १४ जणींना प्रत्येकी १,५०० रुपयांचं बँकेचं कर्ज मिळालं. त्यानंतर सातच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांच्याबरोबर खाणावळींचा महिन्याचा हिशेबही बसला.

मुंबईच्या सोबतीच्या जेवणाचा इतिहास इराण्याच्या संगमरवरी टेबलावरून सांगायची पद्धत आहे. माझ्या मते तो खाणावळीच्या पाटावरून सांगायला हवा. तिथं सोबत हौसेची नव्हती, गरजेची होती, पण दहा जण रोज एका वेळी एका ओळीत बसत होते. आणि त्या दहा जणांसाठी रांधणारी बाई त्या ओळीत बसत नव्हती.

ती आजही फारशी बसत नाही. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात एक वेगळा आकडा आला. आठवड्यातल्या दुपार-रात्रीच्या १४ जेवणांपैकी ओळखीच्या माणसासोबत किती झाली, असं १४२ देशांत विचारलं होतं. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमध्ये उत्तर जवळजवळ ९ आलं. दक्षिण आशियात चाराहून कमी, जगातल्या सगळ्या विभागांत तळाला. एकत्र कुटुंबाचा आणि पंक्तीचा अभिमान सांगणाऱ्या आपल्यासाठी हा आकडा धक्कादायक आहे. कारणं अनेक असतील: कामाच्या वेगवेगळ्या पाळ्या, डबे, प्रवास. पण ज्या घरात पुरुष आधी जेवतात, मग मुलं, आणि तवा उतरल्यावर बाई एकटी ताट घेते, त्या घरात चार माणसं असूनही सोबतीचं जेवण झालेलं नसतं. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८.

आता टेबलाचा हिशेब करू. समजा, चार जण महामार्गावरच्या साध्या हॉटेलात जेवले आणि जेवणाचे १,२०० रुपये झाले. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधीचे साडेचार महिने वातानुकूलित हॉटेलात तो १८ टक्के होता. ५ टक्क्यांनी ६० रुपये वाढले, १,२६० झाले, काँट्री काढली, प्रत्येकी ३१५. शहरातल्या सरासरी माणसाच्या ७७६ रुपयांतले चाळीस टक्के एका रात्रीत गेले. खेड्यातल्या ४०६ मधले तीन चतुर्थांशाहून जास्त. म्हणून खेड्यातली पोरं हॉटेलात कमी आणि शेतावर चूल मांडून जास्त जमतात. कोंबडी एकानं आणली, भाकऱ्या दुसऱ्याच्या घरून आल्या, तांदूळ तिसऱ्यानं. माणशी शंभराच्या आत काम होतं. पाहणीच्या रकान्यात ही पार्टी कोंबडी, तेल आणि तांदूळ म्हणून तीन ठिकाणी विखुरते.

बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत पगार घेणाऱ्या तरुणाला ३१५ रुपये महिन्यातून दोनदा परवडतात, महाड-पोलादपूरच्या हॉटेलांतली संध्याकाळची टेबलं बऱ्याच अंशी त्याच्यामुळे भरतात. हे वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. पण ती टेबलं मोजायची तर एक रकाना आणखी हवा, बसलेल्यांत बायका किती. शिवथरच्या चार मैत्रिणींनी महाडात जेवायचं ठरवलं तर काँट्रीचे ३१५, जाण्यायेण्याचे ६० किलोमीटर आणि रात्रीची शेवटची गाडी गाठण्याची घाई, एवढं तर पुरुषांनाही आहे. त्यांना निघण्यापूर्वी घरच्यांसाठीचा रात्रीचा स्वयंपाकही उरकून ठेवावा लागतो.