घर विकायला काढलंय? मग हॉलमधली बुलेट आधी भिंतीवरून उतरवा

समजा, मोशीत एक टू बीएचके विकायला निघालाय. मालक चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत कामाला आणि घरीही गाड्यांचंच वेड. हॉलच्या अख्ख्या भिंतीवर बुलेटचं चित्र, जुन्या इंजिनवर काच ठेवून केलेला टीपॉय, पीओपीच्या छतात रंग बदलणाऱ्या लाइट. पोरांच्या खोलीत चारी भिंतींवर छोटा भीम. सगळं मिळून सहा लाख गेले. आलेला पाहुणा फोटो काढल्याशिवाय जात नाही.

घर घ्यायला येणारा माणूसही फोटो काढतो, "मस्त केलंय हो" म्हणतो आणि परत फोन करत नाही.

होतं काय, की एकाच भिंतीकडे बघून दोघांचे हिशोब वेगळे चाललेले असतात. मालक ते सहा लाख किमतीत मिळवतो. घेणारा मात्र तीच भिंत साफ करायला किती लागतील ते वजा करतो. छत उतरवायचं, वॉलपेपर खरवडायचा, मग पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात. सोसायटीची परवानगी घ्या, राडारोडा न्यायला टेम्पो बघा. आणि हे होईपर्यंत सध्याच्या खोलीचं भाडं आणि नव्या घराचा हप्ता, दोन्ही सुरू.

पण खरी मेख बँकेत आहे.

कर्ज देण्याआधी बँकेचा व्हॅल्युअर घर बघून जातो. तो कार्पेट एरिया, इमारतीचं वय, बांधकाम आणि आजूबाजूचे व्यवहार बघतो. बुलेटशी त्याला घेणंदेणं नसतं. आता मालक ६० लाखांवर अडून बसलाय आणि बँकेच्या लेखी घर ५४ लाखांचं आहे असं धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देता येतं. ५४ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४३ लाख २० हजार. उरले १६ लाख ८० हजार, ते घेणाऱ्याने स्वतःचे घालायचे. घर बँकेच्या हिशोबानेही ६० लाखांचं असतं, तर हाच आकडा १२ लाखांवर थांबला असता.

इथेच संपत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं (घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत). ६० लाखांवर ते झालं ४ लाख २० हजार, वर ३० हजार नोंदणी फी. ही रक्कम कर्जात धरली जात नाही. म्हणजे घेणाऱ्याकडे २१ लाख ३० हजार तयार हवेत, आणि त्यातला बराचसा भाग दुसऱ्याच्या हौसेसाठी. कारखान्यात नोकरी करणारा, पीएफमधून पैसे उचलून घर घेऊ बघणारा माणूस इथे मागे फिरणारच. चिखली, रावेत, पुनावळेत नवीन इमारतींमधले कोरे फ्लॅट त्याला दिसत असतात.

शिवाय या पट्ट्यात घर घ्यायला येतं कोण? लातूरचा, जळगावचा, साताऱ्याचा, केरळचा, बिहारचा. प्रत्येकाच्या मनातलं घर वेगळं. मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येकाला आपापलं घर मांडता येतं, बुलेटच्या भिंतीवर फक्त मालकाचंच दिसतं. अमेरिकेत याचा धंदाच झालाय. विकायचं घर सजवून दाखवायच्या 'होम स्टेजिंग' या प्रकाराचं श्रेय सिएटल भागातल्या बार्ब श्वार्त्झ या एजंटबाईंना दिलं जातं, साल १९७२. आणि तिथेच २०२० पासून 'झिलो गॉन वाइल्ड' नावाचं इन्स्टाग्राम पेज विक्रीला निघालेली चित्रविचित्र घरं दाखवून लाखो फॉलोअर जमवून बसलंय. बघे भरपूर, पण बघणारे सगळे घ्यायला निघालेले नसतात.

भडक सजावटीचा आणखी एक तोटा म्हणजे संशय. एकाच भिंतीला वॉलपेपर दिसला की पावसाळ्यात फ्लॅट बघणारा माणूस हमखास विचारतो, "मागे ओल आहे का?" पीओपीच्या छताचंही तेच. वरच्या बाथरूमचं लिकेज लपवलंय की काय, ही शंका फेडण्यापेक्षा भिंत उघडी दाखवलेली परवडते.

मग करायचं काय? फार नाही. चित्र आणि वॉलपेपर काढून भिंतींना ऑफव्हाइट रंग द्यायचा. गडद रंगावर आधी प्रायमर मारायचा, नाहीतर खालचा रंग वर डोकावतो. रंगीत लाइटच्या जागी साध्या लाइट लावायच्या. इंजिनचा टीपॉय, ट्रॉफ्या, लग्नाचा मोठा फोटो बांधून ठेवायचा, नाहीतरी तो नव्या घरी न्यायचाच आहे. भिंतीवर देवाचं किंवा शिवाजी महाराजांचं रंगवलेलं चित्र असेल तर तो हळवा विषय. रंगाऱ्याच्या भरवशावर न सोडता घरातल्यांनी आधी ठरवावं, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाहीत.

किचनच्या ट्रॉल्या, भिंतीतली कपाटं, डासांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर याला हात लावू नका. हे कोणत्याही गावच्या माणसाला लागतंच. छोटं देवघरही राहू द्या. आणि एक थीम काढून हॉटेलसारखी दुसरी थीम करण्यात पुन्हा दोन लाख घालणं, हा तर शुद्ध वेडेपणा.

एक अपवाद आहे. निगडी प्राधिकरणातलं जुनं रो हाउस असेल तर रंगाचाही खर्च करू नका. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने हे प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. घेणाऱ्याचा डोळा बहुतेक वेळा प्लॉटवर असतो आणि घर तो पाडणार असतो. तिथे भिंतीवर बुलेट आहे की ताजमहाल, याने काही फरक पडत नाही. त्यापेक्षा हस्तांतरणाची कागदपत्रं जुळवण्यात वेळ घालवा.

फ्लॅटवाल्यांनी रंग वाळला की दिवसा, पडदे उघडून फोटो काढावेत आणि मगच जाहिरात टाकावी. आणि घर दाखवायला फक्त रविवार धरून बसू नका. इथल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी.