हॉर्न मुका होतो तेव्हा

दहा-बारा वर्षांची गाडी. हॉर्न वाजेना, स्टिअरिंगवरची बटणं ढिम्म, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला. तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यावा.

नावात स्प्रिंग असली तरी ती असते हॉर्न, बटणं आणि एअरबॅगला जोडणारी चपटी, रिबनसारखी केबल. स्टिअरिंगमागच्या प्लास्टिकच्या डबीत गुंडाळलेली. स्टिअरिंग वळलं की ती आवळते, सैल होते आणि वर्षानुवर्षांनी कधीतरी तुटते. मग डबीच बदलतात. बसवताना चाकं सरळ आणि स्प्रिंग मध्यावर हवी. नाहीतर नवी केबलही पूर्ण वळणात तुटू शकते.

फक्त हॉर्न गप्प असेल, तर आधी फ्यूज आणि रिले तपासावेत.

डबी बदलायला आधी एअरबॅग काढावी लागते, पण तिच्याशी खेळ नकोच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावंच लागतं.