नव्या घराची जुनी बिले

वापरलेली सदनिका विकत घेताना आपली मंडळी पुष्कळ गोष्टी पारखून घेतात. पाणी किती वेळ येते, शाळा आणि स्टेशन किती लांब आहे, शेजार कसा आहे, दलालीत किती घासाघीस होईल. पण विजेचे शेवटचे बिल, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचे येणे-देणे हे कागद बहुधा किल्ल्या हातात आल्यानंतर उघडले जातात. तोपर्यंत पूर्ण रक्कम चुकती झालेली असते आणि विकणारा गावी किंवा आखातात निघून गेलेला असतो.

या सगळ्या बिलांमागचे सूत्र एकच आहे. थकबाकी जागेला चिकटते, आणि अनामत रक्कम मात्र माणसाच्या नावावर राहते. घर घेणाऱ्याला यातले पहिले नकळत मिळते आणि दुसरे मागितल्याशिवाय मिळत नाही.

प्रथम विजेचे पाहू. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे आधीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने न भरलेले बिल त्या जागेवरचा बोजा समजले जाते आणि नव्या मालकाकडून ते वसूल करता येते. ‘वीज मी वापरली नाही, मी का भरू?’ हा सवाल माणुसकीला धरून असला तरी कचेरीत चालत नाही. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या खटल्यात हीच बाजू उचलून धरली. लिलावात जागा घेणाऱ्यांनी जुनी थकबाकी भरण्यास नकार दिला होता. वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी अट असेल तर नवी जोडणी देण्यापूर्वी जुनी थकबाकी मागता येते, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणून शेवटचा हप्ता देण्याच्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. मीटरवरील आकडा विक्रेत्यासमोर कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मीटरचा फोटोही काढून ठेवावा. चालू बिलाची भरलेली पावती घ्यावी. आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन वीज कार्यालयात जाऊन त्या क्रमांकावर जुनी बाकी, वाद किंवा तोडलेली जोडणी आहे का, हे विचारून यावे. कित्येकदा एकाच जागेवर दोन मीटर असतात. एक चालू असते आणि दुसरे थकबाकीमुळे पूर्वीच काढून नेलेले असते. विक्रेता दाखवतो ते चालू मीटरचे बिल.

आता अनामतीची गोष्ट. ही रक्कम पूर्वी महिन्याच्या सरासरी बिलाएवढी असे. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनंतर दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकासाठी ती दोन महिन्यांच्या सरासरीएवढी झाली. सरासरी बिल १५०० रुपये असेल तर अनामत ३००० रुपयांपर्यंत जाते. वापर वाढला की आर्थिक वर्ष संपल्यावर फरकाचे वेगळे बिल येते. ते पाहून अनेक घरांत ‘या महिन्यात दोन बिले कशी?’ म्हणून गोंधळ उडतो. हा दंड नव्हे, आपलेच पैसे जमा राहतात. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळते आणि ते बिलातून वजा होते. (ते व्याज घ्यायचे की बाजूला काढायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण किती मिळाले, हे ठाऊक हवे.) जागा विकताना जुन्या मालकाची अनामत नव्याच्या नावे करायची असेल तर त्याचे लेखी संमतिपत्र लागते. ते सौद्याच्या दिवशीच लिहून घ्यावे आणि त्या रकमेचा हिशेब व्यवहारात धरावा. नंतर माणूस सापडत नाही.

नाव बदलण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. बिल भरले जाते आहे, नाव कोणाचेही असेना, अशी समजूत. मात्र तक्रार करायची झाली, मंजूर भार वाढवायचा झाला, बँकेला पत्त्याचा पुरावा द्यायचा झाला की अडते. मुंब्रा-शिळ-कळवा, भिवंडी आणि मालेगाव या भागांत बिल देणारी आणि वसुली करणारी खाजगी फ्रँचायझी कंपनी आहे. भिवंडीत ही पद्धत २००७ पासून आहे, मुंब्रा व मालेगावात २०२० पासून. अर्ज तिच्याकडेच द्यायचा असतो. पण दर तिने ठरवलेले नसतात. ते आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच असतात. ‘कंपनी मनाने दर लावते’ हे जे बोलले जाते ते बरोबर नाही. कंपनीशी भांडायचे ते रिडिंगवरून भांडावे, तिथे मुद्दा असू शकतो.

रिडिंगचा मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे. घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० चा आणखी, मग ५०० च्या वर. घर नवे असते, मंडळी अजून राहायला आलेली नसतात, दाराला कुलूप असते. मीटर घरात असेल तर रिडिंग होत नाही आणि सरासरीने बिल येते. चार महिन्यांनी खरा आकडा घेतला की सगळे युनिट एकदम दिसतात. अशा वेळी ते युनिट एका महिन्याचे न धरता त्या चार महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ द्यावा लागतो. बिलात तसे केलेले दिसत नसेल तर लेखी अर्ज करून दुरुस्ती मागावी. कार्यालयाने ऐकले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. मंचापुढे स्वतः उभे राहता येते, वकिलाची गरज नसते. फक्त अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का हवा. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

घरातून व्यवसाय करणाऱ्यांसाठी

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी शिलाईची यंत्रे, जरीकाम, डबे, शिकवण्या असे काहीतरी चालू असते. घरगुती मीटरवर हे चालते का? घराच्या एका भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल आणि मागील आर्थिक वर्षात एकूण ३६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लावावा, अशी सोय आयोगाने आपल्या दरआदेशांत बरीच वर्षे ठेवली आहे. ही मर्यादा गाठत आलेल्यांनी चालू दरआदेश पाहून कार्यालयाशी आधीच बोलून घ्यावे. जागा पूर्णपणे गाळा म्हणून वापरायची आणि बिल घरगुती ठेवायचे, हे मात्र महागात पडते. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागील १२ महिन्यांचा हिशेब लागतो. आधीच्या मालकाने घरात कारखाना चालवला असेल तर घेणाऱ्याने ही चौकशी जरूर करावी.

मालमत्ता कर

महानगरपालिका हद्दीत कराचे देणे हा मिळकतीवरील पहिला बोजा असतो. उशिरा भरणाऱ्याला मुंबई, पुणे, ठाणे अशा शहरांत दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला ती २४ टक्के होते, इतक्या दराने बाजारात उधारीही महाग वाटते! खरेदीखत झाल्यावर तीन महिन्यांच्या आत पालिकेला हस्तांतरणाची सूचना द्यायची असते. सवलतीही शहरागणिक निराळ्या आहेत. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे, पण कोंढव्यात घर घेऊन गप्प बसणाऱ्याला ती आपोआप मिळेल असे समजू नये. पीटी-३ अर्ज स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावी लागेल. अनेक वस्त्यांत विक्रेता करपावती आणि लाइटबिल पुढे करून म्हणतो, ‘बघा, सगळे कायदेशीर आहे.’ तसे नाही. अनधिकृत इमारतीवरही पालिका कर आकारते, आणि कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, असे कायदाच म्हणतो. वीजजोडणीही राहणाऱ्याला मिळते, तिच्याने मालकी सिद्ध होत नाही. बिल हे वापराचा पुरावा आहे, हक्काचा नव्हे. हक्कासाठी नोंदलेले खत, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीला मुंबईत पाण्याचा आकारही दुप्पट पडतो, म्हणजे स्वस्तात घेतलेल्या घराची किंमत दर महिन्याला थोडी थोडी फेडावी लागते.

सोसायटीकडून ‘देणे बाकी नाही’ असा दाखला व्यवहारापूर्वी घ्यावा. थकबाकीवर सोसायटी वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावू शकते. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘इमारत निधी’च्या नावाखाली त्याहून अधिक मागणी झाली तर पावतीसह लेखी मागणीपत्र मागावे, बहुतेक वेळा विषय तिथेच थंडावतो. घर घेऊन भाड्याने दिलेत तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

गॅसचे काम सर्वांत सोपे. सिलिंडरची जोडणी विक्रेत्याकडून ‘घरासोबत’ घेऊ नये, ती त्याच्या नावावर असते. आपलीच जोडणी नव्या पत्त्यावर फिरवून घ्यावी. नळाच्या गॅसचे मीटर मात्र घरासोबत येते, तेव्हा नावबदल आणि शेवटचे रिडिंग विजेप्रमाणेच करावे.

आणि मोबाइलवर ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क करा’ असा संदेश आला तर त्या क्रमांकावर फोन करू नये. २०२२ पासून अशा संदेशांनी अनेकांची बँक खाती रिकामी केली आहेत. नव्या घरात आलेला माणूस लवकर घाबरतो, कारण नाव बदलले की नाही याची त्यालाच खात्री नसते. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. शंका असल्यास १९१२ हा क्रमांक फिरवून आपला ग्राहक क्रमांक सांगावा आणि बाकी विचारावी.