मास्कआडून नेम धरताना

पाण्याखाली डोळ्यापुढे आधी मास्कची काच, मग कॅमेऱ्याचं जलरोधक हाऊसिंग. डोळा व्ह्यूफाइंडरला टेकतच नाही, त्यामुळे साध्या एसएलआरमध्ये चौकटीचे कोपरे दिसत नाहीत. निकॉन एफ३ साठीच्या डीए-२ ‘अ‍ॅक्शन फाइंडर’मध्ये मात्र डोळा ६ सेंटिमीटर दूर असला तरी अख्खी चौकट दिसे.

फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोंच्या कॅलिप्सो कॅमेऱ्यावरून १९६३ मध्ये आलेल्या निकॉनॉसला हाऊसिंग लागतच नसे. पण त्याचा फाइंडर लेन्सच्या वर, वेगळा. मासा हातभर अंतरावर आला की पॅरलॅक्स नडायचा: फाइंडरमध्ये पाठीवरचा पर दिमाखात, फोटोत कापलेला! फोकसही अंदाजानेच. सोय एवढीच, की पाण्यात वस्तू साधारण पाऊण अंतरावर भासते, आणि सपाट काचेमागच्या लेन्सलाही तशीच. म्हणून मोजपट्टीचं नव्हे, डोळ्याला दिसेल ते अंतर लावायचं.

आता बहुतेकजण मागच्या स्क्रीनवरच भागवतात. उथळ पाण्यात ऊन पडलं की तो धड दिसत नाही. तळाशी चिकटलेल्या जिवांसाठी ४५ अंशांचा तिरका फाइंडर उत्तम. मान मोडत नाही. मात्र नवख्याचा कॅमेरा सुरुवातीला हमखास भलतीकडेच रोखलेला असतो.