सॉफ्टवेअरचें उच्च शिक्षण आणि नेतृत्व

संगणकानें जें काम करावयाचें, तें त्याला उमजेल अशा आज्ञांच्या रूपानें लिहून ठेवलें म्हणजे त्यास सॉफ्टवेअर म्हणतात. अशा आज्ञा लिहिण्याची कला हुशार विद्यार्थी थोडक्या महिन्यांत बरीचशी हस्तगत करतो. मग त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी कशासाठीं घ्यावयाची, आणि तींत पुन्हां नेतृत्वाचे धडे कशाला, असा प्रश्न आज पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतून विचारला जातो. मुलाला अगर मुलीला परदेशीं धाडण्यासाठीं ज्यांना आयुष्याची पुंजी मोडावी लागते, त्यांनीं तर तो अवश्य विचारावा.

उत्तरासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९६८ च्या ऑक्टोबरांत पश्चिम जर्मनींतील गार्मिश गांवीं नाटो संघटनेच्या विद्यमानें तज्ज्ञांची एक परिषद भरली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हें नांव तिला मुद्दाम देण्यांत आलें. पूल बांधणाऱ्याच्या अंगीं जी शिस्त असते, ती या धंद्यांत अजून आलेली नाहीं, ही जाणीव करून देणें हा त्यांतील हेतु होता. मोठीं कामें मुदतींत पुरीं होत नव्हतीं, खर्च आटोक्यांत राहत नव्हता, आणि अखेर हातीं पडे तें सदोष असे.

या दोषांचें एक मूळ फ्रेड ब्रूक्स यांनीं दाखविलें. आयबीएम कंपनीच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड कामाची धुरा त्यांनीं वाहिली होती. त्या अनुभवावरून १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथांत त्यांनीं सांगितलें कीं, रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसें नेमलीं, तर तें अधिकच रेंगाळतें. यामागील गणित सोपें आहे. ५ माणसांत दोघांदोघांच्या जोड्या १० होतात, १० माणसांत ४५, आणि ५० माणसांत १,२२५. प्रत्येक जोडींत गैरसमजास जागा असते. शेत कापावयास दुप्पट मजूर लावले तर काम लवकर उरकतें, कारण एकाच्या विळ्याला दुसऱ्याच्या विळ्याशीं बोलावें लागत नाहीं. सॉफ्टवेअरचें तसें नाहीं.

गैरसमज किती महाग पडतो, तें १९९९ सालीं दिसून आलें. अमेरिकेच्या नासा संस्थेनें धाडलेलें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान २३ सप्टेंबर रोजीं मंगळाजवळ पोंचलें आणि नाहींसें झालें. जमिनीवरील एका सॉफ्टवेअरनें यानाच्या छोट्या इंजिनांचा रेटा पाउंडांच्या मापांत कळविला होता. घेणाऱ्यांनीं तो न्यूटनच्या मापांतला समजला. दोहोंत सुमारें साडेचार पटींचें अंतर! यान ठरल्यापेक्षां फार खालून मंगळाच्या वातावरणांत शिरलें. चौकशींत याहूनही बोधप्रद गोष्ट बाहेर आली. यानाचा मार्ग पाहणाऱ्यांना कांहींतरी चुकत असल्याची शंका आधींच आली होती. पण ती ठरलेल्या रीतीनें नोंदली व तडीस नेली गेली नाहीं. चूक आज्ञेंत झाली खरी, परंतु ती टिकून राहिली ती माणसामाणसांतील तुटलेल्या संवादामुळें.

ही तूट भरून काढणें हाही या विद्येचाच भाग, असें मानून कांहीं अभ्यासक्रम निघाले. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठानें १९८९ सालीं सुरू केलेला अभ्यासक्रम त्यांपैकीं नामांकित होय. गिऱ्हाइकाची गरज निश्चित करणें, रचना आंखणें, गुणवत्ता तपासणें, कामाचें नियोजन करणें हे विषय त्यांत आहेतच. पण त्याचा कणा म्हणजे ‘स्टुडिओ’. ही पद्धत वास्तुशास्त्राच्या शिक्षणांतून घेतलेली. विद्यार्थ्यांचा लहानसा गट खऱ्या गिऱ्हाइकाचें काम अंगावर घेतो. अशा कामांत मागणी मध्येंच बदलते, एखादा सोबती मागें पडतो, मुदत मात्र जागची हालत नाहीं. अनुभवी अध्यापक मार्ग दाखवितात. निर्णय विद्यार्थ्यांनींच घ्यावयाचा.

याच विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्यें वॉट्स हम्फ्री यांनीं शिक्षणाचा एक क्रम घालून दिला. प्रत्येकानें प्रथम स्वतःच्या कामास लागलेला वेळ व स्वतःच्या चुका टिपून ठेवाव्या. मग गटांत उतरावें. गटांतही एकाकडे पुढारीपण, दुसऱ्याकडे नियोजन, तिसऱ्याकडे गुणवत्ता अशी वांटणी असते. आधीं आपलें माप घ्यावें आणि मग दुसऱ्याच्या शंकेला जागा द्यावी, हा नेतृत्वाचा पहिला पाठ यांतून मिळतो.

माहितीपत्रकावर ‘नेतृत्व’ हा शब्द छापला म्हणजे तें शिकविलें जातेंच, असें मात्र नाहीं. म्हणून फी भरण्यापूर्वीं कांहीं गोष्टींची चौकशी करावी. खऱ्या गिऱ्हाइकाचें काम आहे काय? तें किती महिने चालतें? गटांत जबाबदाऱ्या फिरत्या असतात काय? मार्गदर्शकांनीं स्वतः मोठीं कामें पार पाडलीं आहेत काय? शिवाय, वर्ष-दोन वर्षें नोकरी करून ज्यानें गटांतील घोटाळे डोळ्यांनीं पाहिले आहेत, त्याला या शिक्षणाचा लाभ अधिक होतो. नुकत्याच पदवीधर झालेल्यास ते धडे कोरडे वाटण्याचा संभव असतो.

आज बँकेंतील ठेव, आगगाडीचें तिकीट आणि दवाखान्यांतील तपासणी या सर्वांमागें सॉफ्टवेअर उभें आहे. तें रचणाऱ्या गटांत ‘येथें कांहीं चुकतें आहे’ असें सर्वांत धाकट्यानें म्हणावें आणि वडीलधाऱ्यानें काम थांबवून तें ऐकावें, इतकी संवय ज्या पदवीनें लागेल, तिच्यासाठीं मोडलेली पुंजी वायां गेली असें कोणी म्हणणार नाहीं.