ठिणगीवरचे ट्रॅक्टर

पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची ताकद ठिणगी नेमकी केव्हा पडते यावर ठरते. प्लगच्या टोकाशी मिश्रण पेटले तरी ते एका क्षणात जळून जात नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वेगात क्रँक सेकंदाला १२,००० अंश फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो २४ अंश पुढे गेलेला असतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. ती फार आधी पडली तर इंजिन ठोके मारते आणि बेअरिंगवर ताण येतो. उशिरा पडली तर सायलेन्सर तापून लाल होतो आणि काळ्या जमिनीत नांगर टेकवताच इंजिन दम टाकते.

ठिणगीची ही गोष्ट नागपूरशीही जोडलेली आहे. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या प्रांतातल्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम केंद्र सरकारने १९४७ मध्ये उभारलेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेकडे होते. शेतीयंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. साखळीपट्ट्यांचे अवजड ट्रॅक्टर डिझेलवर चालत, पण त्या काळी त्यांतल्या अनेकांना सुरू होण्यासाठी ठिणगी लागे. कॅटरपिलरच्या मोठ्या यंत्रांवर मुख्य इंजिन फिरवण्यासाठी पेट्रोलचे वेगळे छोटे इंजिन बसवलेले असे. इंटरनॅशनलच्या टीडी मालिकेत एकाच इंजिनाला प्लगही असत आणि नोझलही. ते पेट्रोलवर सुरू करायचे, गरम झाले की डिझेलवर घ्यायचे.

चाकांच्या ट्रॅक्टरांत फोर्डसन, फार्मॉल आणि फर्ग्युसन ही नावे मोठी. कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई-२० पाच लाखांहून अधिक तयार झाले. त्यांत पेट्रोलचे, रॉकेलचे आणि १९५१ पासून डिझेलचेही प्रकार होते. भारतात १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, १९६३ मध्ये महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी झाली, आणि देशी उत्पादनाने डिझेलची वाट धरली. हिंगणा एमआयडीसीतला महिंद्राचा कारखाना त्याच परंपरेतला. त्यामुळे जुना प्लगवाला ट्रॅक्टर दिसला की तो बहुधा त्याआधीच्या आयातीतला समजावा.

अशा ट्रॅक्टरवर सर्वांत जास्त घोळ होतो तो प्लगच्या वायरींचा. फर्ग्युसन टीई-२० आणि फार्मॉल एच यांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे, तर फोर्डसन ई-२७-एन आणि फोर्ड ८-एन यांचा १-२-४-३. एकाचा क्रम दुसऱ्याला लावला की गंमत अशी होते, की १ आणि ४ या सिलिंडरांच्या वायरी बरोबरच राहतात. फक्त २ आणि ३ यांची अदलाबदल होते. त्या दोघांत ठिणगी क्रँकची एक पूर्ण फेरी चुकून, म्हणजे कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्ट संपता संपता पडते. इंजिन दोन सिलिंडरांवर लंगडत चालते आणि कार्बोरेटरमधून फटाके फोडते. अनेकदा या लक्षणांवरून मिस्त्री कार्बोरेटर खोलतात, व्हॉल्व्ह घासतात. दोन वायरी बदलून पाहणे हे त्याआधीचे काम आहे.

टायमिंग बसवताना रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर धरावा. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि हँडल सावकाश फिरवावे. हवा अंगठा उचलून बाहेर आली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग टायमिंगची खूण जुळवावी. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा गॅप फिलर गेजने आधीच नीट केलेला असावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते. डिस्ट्रिब्यूटरच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत छोटा बल्ब जोडून स्विच चालू करावा. डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवताना बल्ब पेटतो तोच पॉइंट उघडण्याचा, म्हणजे ठिणगीचा क्षण. रोटर त्या वेळी कॅपच्या ज्या टोकासमोर असेल तिथे पहिली वायर, आणि पुढच्या वायरी रोटर फिरतो त्या दिशेने. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तो एक अंश हलवला तर टायमिंग दोन अंश बदलते, हे विसरून चालत नाही.

ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या मॅग्नेटोवाल्या ट्रॅक्टरला बॅटरी लागत नाही. हँडल मारताना त्यातला स्प्रिंगचा खटका ‘टक्’ असा वाजतो. तो रोटरला क्षणभर अडवून मग झटक्याने सोडतो. त्यामुळे ठिणगी जोरदार पडते आणि उशिराही पडते. खटका गंजून अडकला तर ठिणगी आधीच पडते, हँडल उलटे फिरते आणि मनगट मोडते. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा तो याचसाठी. मॅग्नेटोला तांब्याच्या तारेचीच वायर वापरावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उन्हाळी नांगरट नेमकी तेव्हाच असते. हवा गरम, लोड पूर्ण, त्यात रॉकेल लवकर नॉकिंग करणारे. म्हणून रॉकेलच्या इंजिनांचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवत. तरीही ठोके ऐकू आले तर टायमिंग थोडे मागे घेणे शहाणपणाचे. पावसाळ्यात दोष कॅपमध्ये शोधावा. ओलाव्यामुळे आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ उमटते, ठिणगी तिच्यावरून पळते आणि इंजिन मिसिंग करते. अशी कॅप बदलावीच.

बऱ्याच जुन्या सहा व्होल्टच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. बारा व्होल्टची बॅटरी घालून ऋण टोक बॉडीला लावले, तर कॉइलही बारा व्होल्टची हवी आणि तिच्या दोन छोट्या वायरी अदलून लावायला हव्यात. प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज निघतात. ते टोक धन झाले तर ठिणगीला बराच जास्त विद्युतदाब लागतो.

नागपूरच्या अ‍ॅग्रोव्हिजन प्रदर्शनात २०२३ मध्ये महिंद्राने फक्त सीएनजीवर चालणारा ट्रॅक्टर मांडला, आणि प्लग पुन्हा शेताकडे निघाला. सीएनजीतले मिथेन रॉकेलसारखे सहज नॉकिंग करत नाही, पण सावकाश जळते. त्यामुळे गॅसच्या इंजिनात ठिणगी पेट्रोलपेक्षाही आधी पाडावी लागते.