गप्पीची पिल्लं जगवायची आहेत? एवढं सांभाळा

गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देते. गाभण राहिल्यावर साधारण ४ आठवड्यांनी मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं आणि मागचा काळा डाग गडद झाला, की वेळ जवळ आली समजा.

🌿 लपायला जागा: मोठे मासे पिल्लं खातात, खुद्द आईसुद्धा! टाकीत जावा मॉस दाट ठेवा किंवा पिल्लं लगेच वेगळ्या टाकीत हलवा.

🦐 खाणं: पिल्लांचं तोंड इवलंसं असतं. दाणे चुरून अगदी बारीक पूड करा आणि दिवसातून ३-४ वेळा चिमूटभरच द्या. अंड्यातून नुकतेच निघालेले ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे इवलेसे जीव) मिळाले तर उत्तमच. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात, हवा सोडून, २८ अंशांच्या आसपास ठेवली की साधारण २४ तासांत फुटतात. ते खाल्ल्यावर पिल्लांची पारदर्शक पोटं नारिंगी दिसतात. पोट भरल्याची हीच खूण!

💧 पाणी: स्पंज फिल्टरच लावा, बाकीचे फिल्टर पिल्लांना ओढून घेतात. उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, म्हणून तळ रोज साफ करा. थोडं थोडं पाणी वरचेवर बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट हवं.

♂♀ महिन्याभरात नर-मादी वेगळे करा, नाहीतर टाकीत गर्दी झालीच म्हणून समजा.

पिल्लं जास्त झाली तर मासे पाळणाऱ्या मित्रांना द्या. नदीत, तळ्यात मात्र कृपया सोडू नका. तिथल्या स्थानिक माशांची पिल्लंही जगायला हवीत.